दुसऱ्या मजल्यावरचं खारं पाणी

त्या पावसाळ्यात आमची होडी इमारतीच्या गच्चीवर होती आणि आम्ही तिच्याखाली राहत होतो. हे कोणाला सांगायला लागले की ऐकणारा आधी हसतो. मी हसू देते, कारण मे महिन्यात आम्हीही हसलोच होतो. जुलैपर्यंत ते हसणं संपलं, आणि त्याच्या जागी जे आलं ते अजून पुरतं गेलेलं नाही. पन्नाशी उलटली, शाळेत मुलांना विज्ञान शिकवता शिकवता केस पांढरे झाले, तरी कोणाच्या नव्या घरी वास्तुशांतीला गेले की मी आधी वर बघते. फरशी, पडदे, देव्हारा हे मागाहून. घरच्या बाईला वाटतं, बाई पंखा बघतायत.

आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेली पहिली मी. हे मी कोणी न विचारता सांगते आणि सांगताना मान खाली घालत नाही. आईला अंगठा यायचा. बाबांना सही यायची, पण सहीपलीकडे एक अक्षर नाही. मुरुडला किनाऱ्यालगत आमचं कौलारू घर होतं. दारात अंगण, अंगणापुढे वाळू, वाळूपुढे समुद्र. आमची आणि आमच्या पाठीमागच्या हमीदचाचांची जागा मिळून एका बिल्डरने घेतली आणि बदल्यात आम्हा दोघांना बाजारपेठेच्या मागे बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर शेजारशेजारचे फ्लॅट दिले. दोन खोल्या, आत संडास, नळाला पाणी. आई पहिले आठ दिवस नळ सोडायची आणि नुसती बघत उभी राहायची. बाबांना मात्र झोप येईना. समुद्राचा आवाज गेला होता ना. त्याऐवजी पहाटे पंपाची घरघर, मग तीन घरांच्या कुकरच्या शिट्ट्या, खालच्या मजल्यावरचा रेडिओ, आणि भिंतीच्या पाइपातून खळखळत जाणारं दुसऱ्याचं पाणी. बाबा म्हणायचे, "ह्या घराच्या पोटात सारखं गुरगुरतंय."

हमीदचाचांबद्दल आत्ताच सांगायला हवं. ते मोठ्या बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख होते आणि बाबा पोरवयात त्यांच्या हाताखाली खलाशी म्हणून लागले. दर्यावरचं जे काही बाबांना येत होतं ते चाचांनी शिकवलेलं. इमारतीत राहायला आलो त्याच्या आदल्या वर्षी चाचांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला डावा हात आणि डोळे. दिवसभर पलंगावर उताणे पडून असायचे. रुकैयाचाची त्यांचं सगळं करायची आणि करता करता त्यांच्याशी बोलत राहायची, जसं काही ते उत्तर देतायत.

आता होडीचं. आमची होडी लहान, अकरा हात लांब, सागाची, वल्ह्याची. बाबा तिच्यातून खाडीच्या तोंडाशी जाळं टाकायचे. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढून शाकारायच्या, म्हणजे झावळ्यांनी झाकायच्या, ही आमच्याकडची जुनी रीत. आमची होडी तेव्हा आमच्या अंगणात असायची. आता अंगणच नव्हतं. तिथे लॉजचं कुंपण आलं होतं. बाकी किनाऱ्यावर ज्याच्या त्याच्या दारात ज्याची त्याची होडी. आमच्यासाठी उरलेली जागा इतकी खाली होती की उधाणात होडी तिथून जाणार हे दिसत होतं. बाबांनी इमारतीखालची पार्किंगची जागा हेरली. सोसायटीचे चेअरमन सावंतसाहेब पहिल्या मजल्यावर राहायचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, नियमांचं पुस्तक कायम हाताशी.

"ही जागा वाहनांसाठी आहे," सावंतसाहेब म्हणाले.

"मग हे काय हाय?" बाबांनी हातगाडीवर ठेवलेल्या होडीकडे बोट दाखवलं. "तुमची स्कूटर रस्त्यावर चालते, माझी पाण्यावर."

"अहो, पण सोसायटीच्या नियमांत होडी हा शब्दच नाही."

"मग बंदी तरी कुठं हाय?"

सावंतसाहेबांनी पुस्तकाची पानं उलटून बघितली. शेवटी पार्किंग नाही, पण गच्ची मोकळीच आहे, तिथे कोणाचं काही जात नाही, असं ठरलं. आज वाटतं, त्यांनी हे ठरवलं ते होडी दुसऱ्या मजल्याच्या वर चढणार नाही याची खात्री बाळगून. कोळीवाड्यातले लोक त्यांना माहीत नव्हते.

पंधरा-सोळा जण आले. गच्चीच्या कठड्यावर ओंडका बांधून त्याला कप्पी लावली, दोर सोडले, भिंतीला होडी घासू नये म्हणून बांबू आडवे धरले. खालच्यांनी आरोळी दिली की वरच्यांनी ओढायचं. मी आमच्या खिडकीत उभी होते. आधी दोर ताठ होताना दिसले, मग होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खिडकीसमोर आली आणि हळूहळू अख्खी होडी आमच्या खिडकीपुढून वर गेली, पोटाला चिकटलेल्या शिंपल्यांसकट. आई टाळ्या वाजवत होती. शेजारच्या खिडकीत चाचीने चाचांचा पलंग सरकवून आणला होता. त्यांनी डावा हात उचलून होडीला सलाम केला. सगळी इमारत हसत होती. सावंतसाहेब सोडून.

गच्चीवर आमच्या बाजूला पाण्याची टाकी होती. म्हणून दोन ओंडके टाकून होडी त्यांवर अशी ठेवली की नाळ आमच्या स्वयंपाकघरावर आली आणि बाकीची सगळी होडी चाचांच्या खोलीवर.

इथवर कोणाचंच चुकलं नव्हतं. चूक पुढे झाली, आणि ती दर्यावरच्या माणसालाच होऊ शकते. होडी वाळूत असते तेव्हा वाळूचा ओलावा तिला खालून मिळतो. गच्ची म्हणजे तापलेला तवा. आठ दिवसांत फळ्या सुकल्या आणि सांध्यांतून उजेड दिसायला लागला. बाबांचा जीव कासावीस झाला. त्यांनी जे त्यांचे वडील करायचे तेच केलं. लाकूड फुगावं म्हणून होडीत पाणी भरलं. गोड्या पाण्याने सागही कुजतो, म्हणून मिठागरातून जाड्या मिठाच्या दोन गोण्या आणून त्यात ओतल्या. सुरुवातीला सांध्यांतून पाणी गळायचं आणि गच्चीभर पसरायचं, मग लाकूड फुगलं, सांधे मिटले, गळणं थांबलं. बाबा खूश. पाऊस लागला तरी त्यांनी होडी शाकारलीच नाही. आणलेल्या झावळ्या गच्चीच्या कोपऱ्यात टाकल्या. "देव फुकटचं पाणी देतोय, नको कशाला म्हणू?" वाळूवर असती तर काहीच बिघडलं नसतं. वाळू कितीही वजन पोटात घेते. आमच्या पिढ्यान् पिढ्यांत कोणाला होडीच्या खाली काय आहे याचा विचार करायची वेळच आली नव्हती.

आणि मला आली होती का? मी त्या वर्षी अलिबागला कॉलेजात जात होते. पहाटेची एसटी, काशीदच्या वळणावर पोटात ढवळायचं, वर्गात इंग्रजीतलं पदार्थविज्ञान, संध्याकाळी परत. घनता, भार, दाब, सगळं पाठ होतं. रोज त्या होडीखाली बसून भाकरी खात होते आणि एकदाही वर बघितलं नाही. हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

जुलैत पाऊस बसला तो उठेना. आई बाजारात सुकी मासळी विकायची, ती दुपारी घरी यायला लागली. स्टोव्हवर सोडे घालून केलेलं वांगं, तांदळाची भाकरी, तव्यावर परतलेला जवळा, वर कांदा. जवळा परतला की सावंतसाहेबांची खिडकी धाडकन बंद व्हायची आणि आई मुद्दाम आणखी एक मूठ टाकायची. घरात कपडे वाळत नव्हते, भिंतींना ओल आली होती. सगळ्यांच्याच भिंतींना होती, म्हणून कोणी बोलत नव्हतं. एका दुपारी जेवताना वरून टक् असा आवाज आला. सुपारी फुटावी तसा. मी बाबांकडे बघितलं.

"लाकूड बोलतंय," ते म्हणाले. "फुगलं की बोलतं."

मी पुढचा घास घेतला. पण त्यानंतर माझे कान त्या आवाजाकडे लागून राहिले. दिवसाकाठी एकदा, कधी दोनदा. पुस्तक उघडलं की मी वाचायच्या ऐवजी वाट बघायची.

मग एके दिवशी एसटी आलीच नाही. काशीदच्या पुढे रस्त्यावर झाड पडलं होतं. मी ओली होऊन घरी परतले, चहा घेतला, तेवढ्यात चाचीने दार वाजवलं.

"अगो मंदा, जरा येतेस? यांना काय झालंय कळत नाय. परवापासून नुसतं बोट वर करतात. नमाजाची वेळ झाली तरी बोट वर, जेवायला भरवलं तरी बोट वर. मला भीती वाटते गो. वरच्याला बोलावतायत असं वाटतं."

चाचीचे डोळे रडून सुजले होते. नवरा जायच्या तयारीला लागला असं समजून तिने मुंबईच्या मुलाला निरोपही धाडला होता. मी आत गेले. चाचा नेहमीसारखे उताणे होते. मला बघताच डावा हात वर झाला, तर्जनी ताठ. मी पलंगाशी बसले आणि चाचांकडे न बघता, का कोण जाणे, त्यांच्या बोटाच्या रेषेत बघितलं.

छताला चीर होती. पलंगाच्या बरोबर वर, भिंतीपासून पंख्यापर्यंत, मधे जाड आणि टोकांना बारीक. चिरेच्या कडेने पांढरी बुरशी आल्यासारखं काही फुललं होतं. एक थेंब तिथे जमत होता. माझ्या डोळ्यांदेखत तो सुटला आणि चाचांच्या गालावर पडला. त्यांनी जीभ वळवून तो ओठाच्या कोपऱ्यात घेतला, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वर्गात बसलेय आणि ते उत्तराची वाट बघतायत. मी हाताचा तळवा धरला. दुसरा थेंब त्यावर आला. मी चाटला.

खारट होता.

पावसाचं पाणी खारट नसतं. इमारतीतलं कुठलंच पाणी खारट नव्हतं. चाळीस वर्षं दर्यावर काढलेल्या माणसाच्या तोंडात दुसऱ्या मजल्यावर, अंथरुणात, खारं पाणी पडलं होतं आणि तीन दिवस तो सांगत होता की वर होडी आहे, होडीकडे बघा. आम्ही समजत होतो, देवाकडे बघतोय.

मी गच्चीवर गेले. होडी काठोकाठ भरली होती. इतकी की पावसाचे थेंब पडले की काठावरून पाणी ओघळत होतं. ओंडके ज्या जागी टेकले होते तिथे गच्चीला बाक आला होता आणि त्या खोलगटात पाणी साचलं होतं. मी जिन्याच्या दारातूनच हे बघितलं. पुढे पाऊल टाकायची हिंमत झाली नाही. खाली येऊन प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. लांबी, सरासरी रुंदी, सरासरी खोली. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार किलो, हे तर शाळेतलं. उत्तर आलं दोन हजार किलो नुसतं पाणी. होडीचं वजन वेगळं, मिठाचं वेगळं. मला वाटलं दशांश चिन्ह चुकलं. परत केलं. तेच आलं. मी वही तशीच घेऊन बाबांकडे गेले.

बाबा जाळं विणत बसले होते.

"बाबा, होडीतलं पाणी काढायला पाहिजे. आत्ता. चाचांच्या छताला चीर गेलीय."

"ओल हाय ती. सगळ्यांकडं हाय."

"खारं पाणी गळतंय तिकडे. मी चाटून बघितलं. वर अडीच हजार किलो वजन आहे बाबा. अडीच टन."

त्यांनी जाळ्यावरून नजर उचलली. "कोण बोललं?"

"मी मोजलं."

"पाण्यावर तरंगतं ते. पाण्यावरच्या वस्तूचं कसलं वजन करतेस?"

"ती पाण्यावर नाही, चाचांच्या डोक्यावर आहे!"

"ओरडू नको. सिमेंट-लोखंडाचा स्लॅब हाय. ह्या होडीनं मला घर दिलं, तुला कॉलेजात घातलं, ती आता घर पाडंल?" ते रागावले नव्हते. दुखावले होते, आणि ते जास्त वाईट होतं. इतक्यात खालून हाका आल्या. उधाण चढलं होतं, कोळीवाड्यातल्या किनाऱ्यावरच्या होड्या लाटा ओढून नेत होत्या, जेवढे हात मिळतील तेवढे हवे होते. बाबा उठले, डोक्यावर इरलं घेतलं. दारात थांबून म्हणाले, "आल्यावर बघतो. तू वर जाऊ नको. आणि तिला हात लावू नको."

दुसऱ्यांच्या होड्या वाचवायला ते गेले. त्यांना दोष देत नाही मी. त्या दिवशी तिकडे न जाणारा माणूस पुढे कोळीवाड्यात तोंड दाखवू शकला नसता.

ते गेले आणि पाऊस वाढला. मी आणि आई एकमेकींकडे बघत होतो. मग टक् नाही, लाकडाची फळी मोडावी तसा आवाज आला आणि चाचीची किंकाळी. आम्ही धावलो. छताच्या गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा चाचांच्या पायाशी पडला होता. आतली गंजलेली सळई दिसत होती. चाचा ओरडत नव्हते. छताकडे बघत होते आणि त्यांच्या घशातून बारीक आवाज येत होता, कुत्र्याच्या पिलासारखा. एवढा मोठा तांडेल. वादळात बोट सोडून कधी न हललेला माणूस, त्याला आता कूस वळता येत नव्हती. त्या क्षणी मला जी भीती वाटली तिला शब्द नाही.

पलंग दारातून निघेना. आई म्हणाली, "गोधडी धर." आईने आयुष्यभर माशांच्या पाट्या ओढल्या होत्या. तिने गोधडीचं एक टोक धरलं, चाचीने दुसरं, मी पाय उचलले आणि आम्ही चाचांना जमिनीवर उतरवून गोधडीसकट फरफटत बाहेर जिन्यापाशी आणलं. जिन्याच्या भिंती जाड होत्या, तिथला स्लॅब वेगळा होता, एवढं मला कळत होतं. मी ओरडून सांगितलं, कोणी खोलीत जाऊ नका, खालच्या मजल्यावर सावंतसाहेबांना बाहेर यायला सांगा. आई धावली.

आता होडी. बादलीने उपसायची तर तासभर त्याच बाक आलेल्या जागेवर उभं राहायचं आणि तेवढा वेळ पाऊस भर घालतच राहणार. कलंडायची तर दहा माणसं लागली असती. इतर होड्यांना तळाशी बूच असतं, आमच्या होडीला नव्हतं. होडीला आपल्या हाताने भोक ठेवायचं म्हणजे काय, असं बाबा म्हणायचे. मी त्यांची हत्यारांची पेटी उघडली आणि सुताराचं गिरमिट घेतलं.

खालच्या भिंती कुठून जातात ते मनात आणलं. दोन्ही फ्लॅटच्या मधली भिंत, तिच्यावर तुळई. त्या रेषेवरून मी पोटावर सरपटत गेले, पाऊस पाठीवर खडे मारावेत तसा. होडीपाशी पोचले आणि चपला काढल्या. होडीत चपला घालून जायचं नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. तिला भोक पाडायला आलेल्या मुलीने चपला काढून बाजूला नीट ठेवल्या. मग नाळेकडच्या बाजूला, तळाच्या फळीला गिरमिट लावलं.

साग कठीण असतो. त्यात फुगलेला. मी दोन्ही हातांनी पिळत होते आणि गिरमिट जागच्या जागी फिरत होतं. कानाला होडी टेकली होती आणि आत पाणी हलताना ऐकू येत होतं. दर पिळाला वाटायचं, आता जमीन जाईल, आता. मी रडत होते आणि मोठ्याने सूत्रं म्हणत होते, रामरक्षा म्हणावी तशी, कारण मला तेवढंच पाठ होतं. मग लाकडाचा भुसा पांढऱ्याचा तांबूस झाला, गिरमिट एकदम आत गेलं आणि बाहेर ओढताच पाण्याची धार माझ्या तोंडावर आली. खारट. मी शेजारी दुसरं भोक पाडलं. तिसरं. पाणी गच्चीवर पसरलं पण जाईना. कोपऱ्यातल्या झावळ्यांनी पन्हाळीचं तोंड बुजलं होतं. तिथवर सरपटत जाऊन मी हाताने झावळ्या उपसल्या, बोटं कापली, आणि पाणी भसकन खाली गेलं. त्यानंतर मी कठड्याला टेकून बसले. उठता येत नव्हतं. सुमारे तासाभराने भोकांतली धार सुतासारखी बारीक झाली.

बाबा वर आले तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी होडीकडे बघितलं, भोकांकडे, माझ्या हातातल्या गिरमिटाकडे. वाकून त्यांनी एका भोकात बोट घातलं आणि तसंच ठेवलं, लहान मुलाची जखम दाबून धरावी तसं. मग खाली गेले.

स्लॅब पडला नाही. हे मला लिहायलाच हवं, कारण सांगताना मी पुष्कळदा गाळते. एक इंजिनियर आला, हातोडीने ठोकून गेला, म्हणाला की टिकलाही असता, नसताही, अशा वेळी सांगता येत नाही. खाली लोखंडी टेकू लावले. चाचा-चाची दोन महिने मुलाकडे मुंबईला गेले. आणि बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. भाकरी पुढे सरकवली तर घ्यायचे. मी नसताना आईला म्हणायचे, "तिनं माझ्या होडीला भोकं पाडली." आई म्हणायची, "मग काय होडीला हमीदभाईवर पडू द्यायचं होतं?" ते उठून जायचे. त्यांना मी खोटी वाटत होते असं नाही. त्यांना माहीतच नव्हतं मी खरी की खोटी, आणि ते कळायचा रस्ता माझ्या वहीतून जात होता, जी त्यांना वाचता येत नव्हती.

नारळी पौर्णिमेच्या आधी उघाड मिळाली तशी होडी त्याच दोरांनी खाली उतरवली. या वेळी कोणी हसलं नाही. सुताराने भोकांत सागाच्या खुंट्या ठोकल्या, वर डांबर लावलं. होडी किनाऱ्यावर वाळूत ठेवली आणि पाण्यात ढकलण्याआधी परत एकदा तिला पाणी पाजायची वेळ आली. मी कॉलेजातून येऊन किनाऱ्यावरून चालले होते. बाबा समुद्रातून बादली भरून आणत होते, होडीत ओतत होते आणि काहीतरी पुटपुटत होते. जवळ गेल्यावर ऐकू आलं. मोजत होते.

मी वह्या वाळूवर ठेवून लांबच बसले. चाळीस. पन्नास. प्रत्येक बादली ओतण्याआधी क्षणभर हातात तोलून बघायचे, खांदा किंचित खाली जायचा. साठ झाल्यावर वेग कमी झाला. ऐंशीला त्यांनी होडीत डोकावून बघितलं, अजून किती जागा आहे ते. शंभर म्हणाले तेव्हा आवाज बसला होता. होडी अजून वीतभर रिकामी होती, आणि गच्चीवर भर पावसात ती काठोकाठ भरलेली त्यांनी स्वतः पाहिलेली होती.

त्यांनी बादली ठेवली आणि वाळूत बसले. बसल्या जागेवरून त्यांनी एकदा वर बघितलं, जिथे आता नुसतं आभाळ होतं. पहिल्यांदाच मी बाबांना भ्यालेलं बघत होते. चाचा मुंबईत होते, सुखरूप होते, पाऊस ओसरला होता, आणि ते आत्ता भीत होते.

"मंदा," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून नाव ऐकलं. "बाकीच्या तू घाल."

मी बादली उचलली. पाण्यात गेले, भरून आणली, ओतली. मग विचारलं, "मोजू का बाबा? मोठ्याने?"

ते समुद्राकडे बघत होते.

"मनात मोज," म्हणाले. "सांगू नको."